सावित्रीच्या खोऱ्यातली पारध, मुक्काम आणि वल्हं

पोलादपूरहून ढवळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उमरठ लागतं. हिवाळ्यातल्या शनिवारी या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या दिसतात. मागच्या काचेतून तंबूच्या गुंडाळ्या, दोर आणि गॅसची छोटी शेगडी डोकावत असते. नरवीर तानाजी मालुसऱ्यांच्या आणि शेजारी शेलारमामांच्या समाधीला नमस्कार करून मंडळी पुढे ढवळे गाठतात. तिथून चंद्रगड, आणि चंद्रगड पाहून ढवळे घाटाने थेट महाबळेश्वरच्या ऑर्थर सीटपर्यंतची चढण. सह्याद्रीतल्या सर्वांत दमवणाऱ्या वाटांमध्ये तिची गणना होते. संध्याकाळी या गाड्या परतीला लागतात, आणि रस्त्यावर पुन्हा गावची गुरं आणि शाळेतून आलेली पोरं तेवढी उरतात.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत रान, डोंगर आणि पाणी यांच्याशी माणसाचं नातं आज असं दुहेरी झालं आहे. बाहेरून येणाऱ्यांसाठी ते सुट्टीचं ठिकाण आहे. आतल्या माणसांसाठी पारध, रानातला मुक्काम आणि होडी ही तीनही पोटापाण्याची कामं होती. त्यातलं पहिलं काम कायद्याने थांबवलं, दुसरं शेतीबरोबर आटत गेलं आणि तिसरं रस्त्यांनी आणि पुलांनी संपवलं. या कामांतून जमलेलं ज्ञान मात्र अजून जिवंत आहे. नव्या साहसी पर्यटनात त्या ज्ञानाला आणि ते बाळगणाऱ्या माणसांना जागा कुठे आहे, हा इथला खरा प्रश्न आहे.

उमरठचं नाव महाराष्ट्रात कोंढाण्याच्या लढाईमुळे ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी पडले. त्यांचा देह मढे घाटाने कोकणात उतरवून उमरठला आणला, असं परंपरा सांगते, आणि दरवर्षी माघ वद्य नवमीला गावात पुण्यतिथी होते. आज मढे घाट म्हटलं की पावसाळ्यात धबधब्यावरून दोराने उतरणारी तरुण मंडळी आठवतात. त्याआधी कित्येक पिढ्या ही आणि शेजारची वाट तांदूळ, मीठ, गूळ आणि लग्नाची वऱ्हाडं वाहत होती. वरंध घाट, आंबेनळी, पारघाट, बोराट्याची नाळ या सगळ्या कामाच्या वाटा होत्या. त्या कुठे निसरड्या होतात, कुठल्या महिन्यात कुठलं टाकं कोरडं पडतं, दगडावरची पुसट खूण कोणाची, हे सगळं ज्यांना रोज चालावं लागे त्यांनीच जपलं.

तानाजींच्या कथेत घोरपडही येते. तिला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट शाहिरांनी घरोघर पोचवली, इतिहासकार तिच्याकडे आख्यायिका म्हणून पाहतात. तीच घोरपड आज वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच कडक संरक्षण तिला आहे. तरीही कोकणात मांसासाठी आणि तेलाच्या औषधी समजुतीपायी ती मारली जाते. शिकारीचा विषय इथे इतका जवळचा आहे आणि इतका अवघडही.

जुनी पारध ही गावाची गोष्ट होती. होळीच्या सुमारास, गवत वाळून रान मोकळं झालं की माणसं जमत. हाकेवाले एका अंगाने डबे वाजवत, आरोळ्या देत रान उठवायचे. ठासणीची बंदूक घेतलेले दोघेतिघे जनावराच्या ठरलेल्या वाटांवर दबून बसायचे. रानडुक्कर, भेकर किंवा ससा, जे मिळेल त्याचे वाटे पडत. मारणाऱ्याला मानाचा वाटा आणि हाकेवाल्याला त्याचा, अशी ती वाटणी असे. या पद्धतीत खेळाचा आनंद होताच, शिवाय पिकाची राखण आणि वर्षातून एखाददुसऱ्या वेळचं मटणही होतं. मर्यादाही होती. देवराईत बार काढायचा नाही, हा नियम बहुतेक गावांत पाळला जाई. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा अशा राखीव तुकड्यांचं महत्त्व विज्ञानाच्या भाषेत नोंदलं गेलं.

संस्थानिकांची शिकार याहून वेगळी. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान म्हणजे आजचं फणसाड. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. रायगड जिल्ह्यातलं हे सर्वांत मोठं सलग संरक्षित रान एका माणसाच्या शिकारीच्या हौसेमुळे वाचलं, हे विचित्र वाटलं तरी खरं आहे. पोलादपूरच्या रानाला असा राखणदार लाभला नाही. तिथे वनखात्याची राखीव वनं आहेत, खासगी माळ आहेत आणि दळीच्या जमिनी आहेत. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्यासाठी इंग्रजी अमदानीत वनखात्याने कातकरी आणि इतर डोंगरी शेतकऱ्यांना दिलेल्या या जमिनींच्या हक्कांचं भांडण २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरही पुरतं मिटलेलं नाही.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. हे योग्यच झालं. सांबर आणि भेकर यांना सुटकेचा श्वास मिळाला. पण गावकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर एक गाठ तशीच राहिली. माणसं मुंबईला गेली, वरकस जमिनी पडीक राहिल्या, त्यांवर करवंदीची, रानमोडीची दाटी झाली, आणि त्या दाटीत रानडुकरं वाढली. घरात दोन म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी नाही अशा घराचं भाताचं खाचर डुकरांचा कळप एका रात्रीत लोळवतो. वानरं परसातलं काही राहू देत नाहीत. पुढच्या वर्षी ते खाचरही पडीक राहतं आणि डुकरांना आणखी आसरा मिळतो.

कायद्यात यावर उपाय नाही असं नाही. पिकाचा नाश करणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार कलम ११ मध्ये आहे, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने रानडुक्कर व नीलगाय यांच्याबाबत ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या पातळीवर आणली. कागदावर सोपी वाटणारी ही वाट सत्तरीच्या शेतकऱ्याला उपयोगाची नाही. त्याच्याकडे परवान्याची बंदूक नसते, ती चालवणारा जवळ नसतो, आणि अर्ज घेऊन तालुक्याला जायचं तर दिवस मोडतो. मग चोरटे उपाय येतात. तारेचे फासे लागतात, कुंपणात वीज सोडली जाते, पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवला जातो. फाशात डुकराबरोबर बिबट्या सापडतो, विजेच्या तारेवर माणूस मरतो, बॉम्ब चावून गावातल्याच गाईचा जबडा फाटतो. जुन्या पारधीत निदान समोर काय आहे हे पाहून बार निघत असे. फाशाला डोळे नसतात. पारधीच्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, पण पीकसंरक्षणाची जबाबदारी घेणारी, वनखात्याच्या देखरेखीखालची प्रशिक्षित स्थानिक पथकं उभी केल्याशिवाय ही चोरटी कत्तल थांबणार नाही.

शिकारीची दुसरी बाजू बंदुकीची नाहीच. ती कातकऱ्यांची आहे. महाराष्ट्रात विशेष दुर्बल आदिवासी गटांत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांची नोंद आहे. कातकऱ्यांची मोठी वस्ती रायगड-ठाण्यात आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. इंग्रजांच्या वनकायद्यांनी खैरतोड बंद झाली आणि हा समाज कोळशाच्या भट्ट्यांवर, पुढे वीटभट्ट्यांवर गेला. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं घर बंद करून भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात.

परतल्यावर पाऊस त्यांना जेवू घालतो. पहिल्या सरींनंतर मासे ओढ्यांतून, शेतातल्या पाण्यातून वर चढतात. या वलगणीच्या माशांसाठी बांधावर आडोसा करून खालच्या तोंडाला टोपली किंवा झोळणा लावला जातो. रात्री टेंभा किंवा बॅटरी घेऊन खेकडे धरले जातात. उन्हाळ्यात डोहाला बांध घालून पाणी उपसायचं, गेळफळ ठेचून टाकायचं, मासा गुंगला की हाताने वेचायचा. बांधातल्या उंदराचं बीळ कुठे उघडतं आणि मागचं तोंड कुठे, हे कातकरी पोराला शाळेत जायच्या आधी कळतं. या सगळ्यात हत्यार फारसं नाही, निरीक्षणच आहे. दुर्दैवाने आज याच ओढ्यांत ब्लीचिंग पावडर टाकणारे, विजेचा धक्का देणारे आणि सुरुंग लावणारे येतात. तसा डोह एकदा मेला की त्यावर जगणाऱ्याला पुढच्या साली काही मिळत नाही. अंड्यावर आलेला मासा वलगणीतच पकडला जातो, म्हणून तिच्यावरही बंदी घालावी असं काही जण म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण टोपलीवाल्या बाईला आणि ब्लीचिंगवाल्याला एकाच तराजूत घालणारी बंदी अन्यायाची ठरेल.

मुक्कामाचंही तसंच. रानात रात्र काढणं इथे राखणीचं काम होतं. पीक कापणीला आलं की शेतात माळा बांधला जाई. खाली शेकोटी पेटे, हाताशी गोफण आणि डबा, आणि घरातला एक माणूस रात्रभर जागा. वरच्या माळांवर गवळी धनगरांच्या वाड्या. म्हशी, दूध, खवा आणि डोंगराच्या कडेकडेने जाणाऱ्या त्यांच्या पायवाटा. चंद्रगडाच्या आणि मंगळगडाच्या परिसरात भटकणाऱ्याला वाट चुकली की हटकून याच वाड्यांचा आधार मिळतो.

चंद्रगड हा जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांचा गड. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हा तो स्वराज्यात आला. याच जावळीच्या दाटीत १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखानाच्या फौजेची वाताहत झाली. मोकळ्या मैदानात लढण्याची सवय असलेल्या फौजेला या रानात हालचालच करता येईना. आज त्याच रानात शहरातली पोरं पाठीवर पिशव्या घेऊन चढतात. ढवळे घाटात बहिरीची घुमटी आणि पुढे जोरचं पाणी हे दोन शब्द त्यांच्या तोंडी असतात, कारण या लांब चढणीवर भरवशाचं पाणी तेवढंच. पावसाळ्यानंतर गवत छातीपर्यंत वाढलेलं असतं आणि वाट हरवते. उन्हाळ्यात पाणी नसतं. म्हणून या घाटाचा खरा हंगाम हिवाळ्यातले काही आठवडे एवढाच.

चुकण्याची किंमत इथे मोठी आहे. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली आणि सुमारे तीस माणसं गेली. दरीतून मृतदेह वर काढायला महाबळेश्वर, पोलादपूर, महाडकडचे गिर्यारोहक दोर घेऊन उतरले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड आली, त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातल्या साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही डोंगर खचला. अशा वेळी सरकारी पथक पोचेपर्यंतचे तास दोर वापरू शकणाऱ्या, वाटा ठाऊक असलेल्या स्थानिकांच्या हाती असतात. साहसाचा छंद आणि आपत्तीतलं काम यांत इथे फार अंतर नाही, आणि सरकारने ते ओळखून तालुक्याच्या पातळीवर दोर, स्ट्रेचर, विमा आणि मानधन यांची तरतूद करायला हवी.

पाण्याची गोष्ट सर्वांत जास्त विसरली गेली आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबतं आणि मचवे महाडपर्यंत येत. महाड हे जुनं बंदर, गावाजवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी त्या व्यापाराची साक्ष देतात. खाडीच्या मुखावरचा बाणकोट १७५६ च्या तहाने इंग्रजांकडे गेला. ऑर्थर सीट ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्या ऑर्थर मॅलेटची पत्नी आणि मुलगी बाणकोटच्या मुखाशी होडी बुडून गेली. घाटमाथा आणि खाडीचं मुख ही एकाच पाण्याची दोन टोकं आहेत, हे त्या नावात नोंदलेलं आहे.

या पाण्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रवास १९२७ चा. मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, डिसेंबरात पुन्हा परिषद भरायची होती. बसवाल्यांनी बहिष्कार घातला तर अडकून पडू नये म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून धरमतरचा जवळचा मार्ग सोडून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदराला उतरले, कारण दासगावहून महाडला पायी जाता येत होतं. २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेची वाट सावित्रीच्या पाण्याने खुली ठेवली, ही गोष्ट दासगावच्या धक्क्यावर ठळक लिहिलेली असावी इतकी मोठी आहे.

त्यानंतर रस्ते वाढले, खाडी गाळाने भरत गेली, बंदर संपलं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने आले, आणि सांडपाण्याचा परिणाम खाडीत जाळी टाकणाऱ्यांनी आधी अनुभवला. वर पोलादपूर तालुक्यात रानबाजिरे धरणाने पाणी अडवलं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं वाहून गेली. नौदल, तटरक्षक दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल यांच्याबरोबर स्थानिक होडीवालेही शोधात होते. प्रवाह कुठे वळतो आणि वाहून गेलेली वस्तू कुठे लागते हे त्यांनाच ठाऊक. सावित्रीत मगरी आहेत याची आठवण देशाला त्या दिवसांत झाली. महाडकरांना ती रोजची आहे. महाडची 'सीस्केप' ही संस्था गिधाडांच्या संवर्धनासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिने या मगरींकडेही लक्ष दिलं आहे. मगरींमुळे महाडच्या डोहांत कयाकचा खेळ मांडता येणार नाही, पण काठावरून किंवा मोठ्या होडीतून मगर दाखवणारा जाणता माणूस हाही एक रोजगार आहे.

वल्ह्याचा खेळ सध्या उत्तरेला कोलाडला रंगतो. मुळशीच्या धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून खाली कुंडलिकेत येतं, आणि सकाळी पाणी सुटलं की त्यावर राफ्ट निघतात. नदी बारमाही वाहते ती या वीजनिर्मितीमुळे. त्याच धरणासाठी मावळातली गावं बुडाली आणि सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह उभा केला. घाटावर शिवसागराच्या काठी तापोळा-बामणोलीत चित्र वेगळं आहे. कोयनेच्या पाण्याखाली जमिनी गेलेल्या गावांनीच बोट क्लब उभे केले आणि वासोट्याला जाणाऱ्यांना तेच नेतात. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणून वनखात्याची परवानगी लागते आणि रात्रीच्या मुक्कामाला मनाई आहे. नियम कडक आहेत, तरी फेऱ्यांचं उत्पन्न गावात राहतं. पोलादपूरने शिकायचं तर बामणोलीकडून.

दूरचंही एक उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यूयॉर्क राज्यात १८९२ मध्ये ॲडिरॉन्डॅक पार्क आखलं गेलं. त्यात सरकारी रानं आहेत आणि माणसांची गावंही आहेत. त्याच भागातल्या मेन राज्याने १८९७ मध्ये वाटाड्यांसाठी परवान्याचा कायदा केला. हरणाची शिकार तिथे हंगाम आणि परवाना यांच्या चौकटीत चालते, आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा वन्यजीवांसाठी वापरला जातो. शिकारीचा तो भाग आपल्याकडे आणण्याचं कारण नाही, आपली रानं लहान आणि माणसं दाट. घेण्यासारखा आहे तो वाटाड्याचा मान. लेखक हेन्री डेव्हिड थोरो १८५७ मध्ये मेनच्या नद्यांतून गेला तेव्हा त्याला नेणारा पेनॉबस्कॉट जमातीचा वाटाड्या 'जो पोलिस' आज त्याच्या नावानिशी ओळखला जातो. आपल्या भटकंतीच्या लेखनात मात्र वाट दाखवणारा बहुधा 'गावातले एक मामा' एवढाच उरतो. त्याच्या नावाची नोंद नसते आणि दिवसभराच्या मजुरीचा आकडाही ठरलेला नसतो.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरच्या उपक्रमांना नोंदणी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं बंधनकारक करण्याकडे त्याचा रोख आहे. अपघात पाहता ते हवंच होतं. पण नोंदणी, शुल्क आणि अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रं शहरातल्या संस्थांना परवडतात. ढवळ्यातल्या तरुणाला किंवा वीटभट्टीवरून परतलेल्या कातकरी जोडप्याला ती परवडत नाहीत. मग शहरातली संस्था नोंदणी करते, माणशी पैसे घेते आणि गावातल्या माणसाला दिवसाचे थोडे पैसे देऊन पुढे चालवते. स्थानिक वाटाड्यासाठी वेगळी, कमी खर्चाची नोंदणी निघाली तर हे बदलेल. प्रथमोपचार आणि दोराचं प्रशिक्षण पोलादपूरलाच, मराठीतून, भट्ट्यांचा हंगाम सोडून पावसाळ्यात द्यावं. मजुरीचा दर ग्रामपंचायतीने फलकावर लावावा. ढवळे घाटात वाटाड्याशिवाय चढू देऊ नये, आणि गवत उंच असताना व पाणी आटल्यावर घाट बंद ठेवावा. दळीचे दावे निकाली निघाले तर ज्यांनी ती रानं चालवली त्यांनाच तिथे दोन-चार तंबूंची जागा करता येईल. हे ठराव उमरठ आणि ढवळे इथल्या ग्रामसभा येत्या पावसाळ्याआधी करू शकतात, त्यासाठी मंत्रालयाच्या नव्या धोरणाची वाट पाहावी लागत नाही.